तिन्ही प्रतींत आत्या नाही

प्रत काढून ठेवली म्हणजे वस्तू जपली, असा एक समज हल्ली घरोघर आहे. चिरंजीव ‘बॅकअप घेतलाय’ म्हणाले की आपण निर्धास्त. पूर्वी विम्याचा हप्ता भरल्यावर असायचो तसे. पण वाचकहो, बॅकअपचे काम एवढेच की आज यंत्र बिघडले तर कालचा कारभार उद्या पुन्हा सुरू व्हावा. साठ वर्षांपूर्वी काय होते, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते काम दप्तराचे.

आमची थोडी भातशेती रोह्याजवळ आहे. १९६१ साली आजोबा गेले. जमीन वडील आणि काका यांच्या नावावर झाली आणि आत्याचे नाव, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले. आत्या आता ८२ वर्षांची आहे. परवा वाटणीचा विषय निघाला, तेव्हा पुतण्याने मोबाइलवर सातबारा काढला. त्यात आत्याचे नावच नाही!

“काका, सरकारी डेटा आहे. तीन-तीन ठिकाणी प्रती असतात त्याच्या,” पुतण्या म्हणाला.

असतीलही. पण तिन्ही प्रतींत आत्या नव्हती, त्याचे काय?

कारण साधे होते. हाताने लिहायचे सातबारे दर दहा वर्षांनी नव्या पुस्तकात उतरवून काढीत. अशाच एका खेपेला कोणा लिहिणाऱ्याची ओळ सुटली. पुढे तेच पान कॉम्प्युटरात गेले आणि बॅकअपने ती गाळलेली ओळ अत्यंत इमानाने गाळलेलीच सांभाळली. आता सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती. ती कशी झाली, हे फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, सापडते. वहीत क्रमांक, तारीख आणि कारण पडल्याशिवाय सातबाऱ्यावरचे नाव हलता कामा नये.

दप्तरात शोध घेतला. आजोबांच्या वारसांची नोंद मिळाली. तीत आत्या होती. तिचे नाव कमी करणारा फेरफार पुढे कुठेच नव्हता. कागदाच्या माथ्यावर ‘जिल्हा कुलाबा’ पाहून पुतण्या दचकला. त्याला वाटले, भलत्याच जिल्ह्याचा कागद आला! कुलाब्याचे रायगड १९८१ साली झाले, हे त्याच्या जन्माआधीचे. एखाद्या उत्साही माणसाने तिथे खोडून ‘रायगड’ लिहिले असते, तर कागद अद्ययावत झाला असता आणि निकामीही.

परतताना पेणला एका गणपतीच्या कारखान्यात डोकावलो. रबरी साच्यातून मूर्ती काढून काढून सोंडेची वळणे बोथट होतात. मग जपून ठेवलेल्या मूळ मूर्तीवरून नवा साचा घेतात. पुतण्या लगेच म्हणाला, “हा बॅकअप!” बरोबर. पण वर माळ्यावर कितीतरी जुने नमुने धूळ खात होते. त्यांना आज गिऱ्हाईक नाही. हे कशाला ठेवता, असे विचारले तर कारागीर म्हणाले, “एखादं घर येतं, म्हणतं आजोबांच्या वेळी होती तश्शीच मूर्ती हवी. मग मी शिडी लावतो.”

अर्थात माळाही एकच असून भागत नाही. १९८९ च्या जुलैत अंबा नदी नागोठण्यात शिरली, तेव्हा जुने कागद आणि नवे कागद असा भेद तिने केला नाही. तेव्हा दप्तराचीही प्रत हवी, आणि ती दुसऱ्या गावी हवी.

आम्ही फेरफाराची नक्कल घेतली. लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल अधिनियमात १५५ वे कलम आहे; त्याखाली अर्ज लिहिला. नाव लागले तर आमचे हिस्से कमी होणार, हे पुतण्याने हळूच सुचवून पाहिले. आत्याने ते ऐकले.

“हिस्सा घ्यायचा की सोडायचा ते मी ठरवीन,” ती म्हणाली. “आधी नाव लावा.”