चौकशी कीं चौकशीचें सोंग?

शेतकरी बंधूंनो, आपल्या बैलानें शेजाऱ्याच्या पिकांत तोंड घातलें तर त्याचा निकाल दिवेलागणीच्या आंत लागतो. चार शहाणीं माणसें बांधावर जातात, नुकसान पाहतात, भरपाई ठरते आणि दुसऱ्या दिवशीं बैल औताला जुंपला जातो. पण सरकारी नोकरानें रयतेच्या खिशांत तोंड घातलें, म्हणजे त्याची ‘विभागीय चौकशी’ सुरू होते. आणि ही चौकशी अशी कांहीं विलक्षण म्हैस आहे कीं, ती वर्षानुवर्षें गाभण राहते, पण वीत म्हणून नाहीं!

मी खेड्यांतला मास्तर. गांवांत कोणाला अर्ज लिहावयाचा झाला कीं तो माझ्या ओट्यावर येतो. २०१६ सालीं असेच एक म्हातारे शेतकरी आले. कर्ता मुलगा वारला होता. जमीन त्याच्या नांवावर. तेव्हां विधवा सुनेचें व नातवाचें नांव वारस म्हणून लागावयास हवें. तलाठ्यानें त्यासाठीं पैसे मागितले. म्हाताऱ्यानें दोन शेळ्या विकून ते दिले. नोंद तरीही झाली नाहीं, कारण पुन्हां पैसे हवे होते. सातबाऱ्यावर नांव नाहीं म्हणून सोसायटीचें पीककर्ज नाहीं. कर्ज नाहीं म्हणून सावकार. मीं अर्ज लिहिला, म्हाताऱ्यानें अंगठा उठविला. तलाठी निलंबित झाला त्या दिवशीं गांवानें मला चहा पाजला. त्यानंतर ह्या प्रकरणांत चहा पाजण्यासारखें कांहींही घडलेलें नाहीं.

तीन महिने उलटले तरी दोषारोपपत्र निघालें नाहीं. तलाठी कामावर परत आला. गुन्ह्याची सजा म्हणून त्याला मिळाली ती दुसऱ्या गांवची तलाठी-सजा! नव्या तलाठ्यानें वारसनोंद केली, पण तोंवर दोन हंगाम सावकाराच्या घशांत गेले होते. दोषारोपपत्र निघालें २०१८ सालीं. साक्षीचें पहिलें बोलावणें आलें तें २०१९ च्या ऑक्टोबरांत, ऐन रब्बीच्या पेरणींत. म्हातारा एस्टीनें जिल्ह्याच्या गांवीं गेला, दुपारपर्यंत बाकावर बसला, तेव्हां त्याला कळलें कीं सरकारतर्फे बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी निवडणुकीच्या कामावर आहेत. २०२० साल करोनानें खाल्लें, त्याचा दोष मी कोणास देत नाहीं. पुढच्या खेपेस मूळ फेरफार नोंदवही हजर नव्हती. त्याच्या पुढच्या खेपेस तलाठीसाहेबांचा आजारीपणाचा दाखला हजर होता, ते स्वतः नव्हते. मध्यंतरीं एक चौकशी अधिकारी निवृत्त झाले, दुसरे नेमले गेले. २०२३ सालीं चौथें बोलावणें आलें तेव्हां म्हातारा वारून सात महिने झाले होते. सून तो कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “गुरुजी, आतां यावर मामंजींचा अंगठा कुठनं आणू?”

कोणी म्हणेल, मुदतीचा कायदा नसेल. अहो, कायद्याची नुसती रेलचेल आहे! नोकरांच्या वर्तणुकीची चौकशी कशी करावी याचा कायदा कंपनी सरकारानेंसुद्धां १८५० सालीं केला होता. आपल्या राज्यांत शिस्त व अपील यांचे नियम १९७९ पासून आहेत. आम्हां जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठीं त्याही आधींचे, १९६४ चे, निराळे आहेत. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१५ मध्यें सांगितलें कीं, तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलें नाहीं तर निलंबन पुढें चालवूं नये. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याच न्यायालयानें दिल्लीच्या कोर्टांतील एका नोकराच्या खटल्यांत बजावलें कीं, विभागीय चौकशी सहा महिन्यांत संपवावी, आणि कांहीं खरीखुरी अडचण आलीच तर एका वर्षाच्या पुढें तरी जाऊं नये. तो नोकर नऊ वर्षांहून अधिक काळ निलंबित होता! केंद्र सरकारनें २०१७ सालीं सहा महिन्यांची मुदत आपल्या नियमांतच घातली. महाराष्ट्र सरकारनें ९ जुलै २०१९ रोजीं निर्णय काढून नव्वद दिवसांत दोषारोपपत्र बजावण्याची ताकीद आपल्या कचेऱ्यांना दिली.

आणि सर्वांत गमतीचा कायदा २००५ चा. बदल्यांचें नियमन आणि कामांतल्या दिरंगाईस प्रतिबंध, असें त्याचें भारदस्त नांव आहे. त्याच्या दहाव्या कलमांत लिहिलें आहे कीं, साधारणपणें कोणतीही फाईल एका नोकराकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहतां नये. जाणूनबुजून उशीर करील त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी. म्हणजे दिरंगाईला औषध काय, तर चौकशी. आणि चौकशीला रोग काय, तर दिरंगाई!

तेव्हां रोग कायद्यांत नाहीं, टेबलांत आहे. दोषारोपपत्राला जोडपत्रें लागतात तीं चार: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदांची यादी आणि साक्षीदारांची यादी. माझ्या चौथीच्या वर्गांतला हुशार पोर हे चार तक्ते आठवड्यांत आंखून देईल. पण नोकराला निलंबित करण्यापूर्वीं हे कागद कोणी गोळा करीत नाहीं. आधीं वर्तमानपत्रांत बातमी, मग कागदांचा शोध. नव्वद दिवस कागद शोधण्यांत जातात आणि निरपराध्याच्या रक्षणासाठीं न्यायालयानें उभें केलेलें कुंपण आळशी कचेरी गुन्हेगाराला उडी मारावयाला देते. लांच खातांना पकडलेल्या नोकराच्या बाबतींत तर आणखी एक सबब तयार असते: “फौजदारी खटल्याचा निकाल लागूं द्या.” दोन्ही कामें एकाच वेळीं चालूं शकतात, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालींच सांगून ठेवलें आहे. फौजदारींत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. येथें हा माणूस नोकरीस लायक आहे कीं नाहीं एवढेंच पाहावयाचें असतें.

ह्या दिरंगाईचा खर्च कोणाच्या डोक्यावर बसतो तो पाहा. निलंबित नोकराला पहिले तीन महिने साधारण अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो. पुढें, उशीर त्याच्यामुळें नसेल तर, तो पाऊणपर्यंत वाढवितां येतो. चाळीस हजार पगाराचा माणूस धरा. दोन वर्षांत त्याला घरबसल्या ६ लाख ९० हजार मिळतात. निर्दोष ठरून सर्व काळ कामाचा धरला गेला तर राहिलेले २ लाख ७० हजारही द्यावे लागतात. हा पैसा कचेरीच्या खुंटीवर उगवत नाहीं. आपण काडेपेटी घेतों, खताची गोणी घेतों, लोहार लोखंड घेतो, कुंभार चाकाला मोटर बसवितो, तेव्हां कररूपानें दिलेला तो आपलाच पैसा आहे.

आणि फार उशीर झाला म्हणजे गुन्हेगार त्या उशिराचीच ढाल करतो. मध्यप्रदेशच्या एका अधिकाऱ्यावर बारा वर्षांपूर्वींच्या गोष्टींचे आरोप ठेवले होते. इतका उशीर कां, याचें समाधानकारक उत्तर सरकारपाशीं नव्हतें, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९९० सालीं ती चौकशी चालूं दिली नाहीं. न्यायालयाचें चुकलें नाहीं. बारा वर्षांनीं साक्षीदार कोठें, कागद कोठें? नोकर एकदां निवृत्त झाला कीं, चार वर्षांपलीकडच्या गोष्टीसाठीं त्याच्यावर नवी चौकशीही काढतां येत नाहीं. म्हणून कचेरींतले बेरकी लोक ‘लढूं’ म्हणत नाहींत, ‘लांबवूं’ म्हणतात.

कचेरीचें एक उत्तर मला ठाऊक आहे: घाई केली तर निरपराध्याचा बळी जाईल. हें उत्तर ज्यांना गोड वाटतें त्यांनीं माझ्या एका शिक्षकमित्राच्या घरीं जाऊन यावें. पोषण आहाराच्या तांदळाचीं चार पोतीं कमी भरलीं म्हणून तो निलंबित झाला. तांदूळ शेजारच्या शाळेला उसना दिला होता, त्याची पावती पहिल्या दिवसापासून त्याच्या हातांत होती. ती पाहावयाला तीन वर्षें लागलीं! पगार परत मिळाला. पण “बाप चोर आहे” म्हणून मुलीचें जमलेलें लग्न मोडलें तें कोणी जुळवून दिलें नाहीं. नोकराला आपली बाजू मांडावयाची संधी मिळालीच पाहिजे, अहवालाची नक्कल मिळालीच पाहिजे. पण ह्या सर्वांना तास लागतात, फार तर दिवस लागतात. दिरंगाई चोराला पोसते आणि साधूला जाळते.

आतां मागावयाचें काय? पहिली मागणी अशी कीं, उशीर कोणाच्या टेबलावर झाला त्याचें नांव लिहिलें जावें आणि त्याच्या गोपनीय अहवालांत त्याची नोंद व्हावी. चौकशी अधिकाऱ्याची बदली होईल, निवडणूक येईल, हें सारें ठाऊक असतें; मग सुरुवातीलाच तारखा बांधून ओळीनें सुनावणी कां घेत नाहींत? साक्षीदार शेतकरी असेल तर साहेबांनीं गांवच्या चावडीवर यावें. म्हाताऱ्यानें तीन वेळां एस्टीचे धक्के खाण्यापेक्षां सरकारी जीपनें एकदां खाल्लेले बरे.

तक्रारदाराला निकाल कळविण्याची सोय तर अगदींच लंगडी आहे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नोकराला दिलेल्या नोटिसा, झालेल्या शिक्षा ही त्याची खाजगी माहिती आहे; मोठें सार्वजनिक हित दाखविल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारांत मिळावयाची नाहीं. म्हणजे शेळ्या आमच्या, साक्ष आमची, आणि पुढें काय झालें हें विचारलें तर ती साहेबांची खाजगी बाब! ह्यावर विधिमंडळानें कायदा करावा, असा ठराव ग्रामसभांनीं करून आपल्या आमदाराच्या हातीं द्यावा. मतें मागावयास ते आपल्या ओट्यावर येतातच.

अर्ज देणाऱ्यांनीं पोहोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरूं नये. निलंबनाच्या दिवसापासून नव्वद दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरांत मोजावे, आणि साठाव्या दिवशींच दोषारोपपत्राची विचारणा लेखी करावी.

त्या सुनेनें आणलेल्या बोलावण्याला मीं तिच्या सांगण्यावरून उत्तर लिहिलें: साक्षीदार मयत आहेत, पैसे दिले तेव्हां त्यांची सून समक्ष हजर होती, ती साक्ष देण्यास तयार आहे, तारीख कळवावी. टपालाची पोहोच आली आहे. तारीख अजून आलेली नाहीं.

— एक खेडवळ मास्तर