सावली मोजायची की कागद?

फ्रीगंजातल्या टॉवर चौकापासून हाकेच्या अंतरावर प्रबंध बांधून देणारं एक दुकान आहे. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा मुलगा तिथूनच थेट माझ्याकडे आला. विषय होता सॉफ्टवेअरचं मोजमाप. कोणत्या आज्ञावलीत दोष निघतील, याचा आधीच अंदाज बांधण्याची नवी रीत त्यानं शोधली होती. अचूकता म्हणे आधीच्यांपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त.

मी जन्मभर गणित शिकवलं. म्हणून एकच विचारलं, "यातली एक तरी आज्ञावली तू उघडून पाहिलीस का रे?"

"नाही काका. ती कुणालाच मिळत नाही. फक्त आकडे मिळतात."

आकडे होते अमेरिकेच्या नासा संस्थेचे, वीस वर्षांहून जुने. त्यांत पुनरावृत्ती आहे, विसंगती आहे, हे शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापून दाखवलं. तरी आमच्याकडे त्याच आकड्यांचं दळण चालूच आहे. खर्चाचा अंदाज बांधणाऱ्यांची तऱ्हा वेगळी नाही. बॅरी बोएम यांनी १९८१ साली ६३ प्रकल्पांच्या आधारे एक सूत्र मांडलं. ते ६३ प्रकल्प त्यांच्या कंपनीच्या अनुभवातले होते. आमचे संशोधक आजही त्याच ६३ प्रकल्पांवर नवनवी गणितं लावतात आणि पदवी घेतात. दुसऱ्याच्या शेतातलं, तेही चाळीस वर्षांपूर्वीचं पीक मोजायचं आणि आपल्या शेतीचा अहवाल लिहायचा, असा हा प्रकार.

मोजमापाला माझा विरोध नाही. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये आज्ञावलीला किती फाटे फुटतात ते मोजायला शिकवलं. जितके फाटे, तितक्या वाटा, आणि प्रत्येक वाट तपासायला हवी. कल्पना सोपी आणि उपयोगी. पण नुसत्या ओळी किंवा फाटे मोजून सॉफ्टवेअरची प्रत ठरवणं म्हणजे दिवाळी अंकाची योग्यता रद्दीवाल्याच्या काट्यावर ठरवणं. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, असं १९८२ मध्ये ठासून सांगणारे टॉम डीमार्को २००९ मध्ये स्वतःच्याच मताकडे शंकेनं पाहू लागले. आमच्या प्रबंधांत मात्र त्यांचं १९८२ चं वाक्य पहिल्या पानावर असतं. २००९ चं पान कुणी उलटत नाही.

सीमाभागातल्या वाचकांना मोजमापाचं राजकारण मी काय सांगावं? घटक जिल्हा धरायचा की खेडं, यावर उत्तर कसं बदलतं, हे तुम्ही महाजन अहवालापासून भोगता आहात. घटक निवडणाराच निकाल लिहितो. संशोधनाचा घटक आमच्या विद्यापीठांनी ठरवला, छापील निबंध. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध छापणं सक्तीचं झालं आणि बाजार उभा राहिला. पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठांनीच सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल ठरण्याजोगी निघाली. २०२२ मध्ये सक्ती गेली, सवय गेली नाही.

आता त्या मुलाची खरी गोष्ट. त्याच्या धाकट्या बहिणीला एका परीक्षेत संगणकानं 'अनुपस्थित' दाखवलं. पोरगी तिन्ही तास पेपर लिहून आली होती. दुरुस्तीला सात महिने लागले, प्रवेशाचं वर्ष बुडालं. त्याला याच प्रणालीचा अभ्यास करायचा होता. तक्रारी किती आल्या, चूक कुठे उगम पावते, एक दुरुस्ती करताना दुसरं काय मोडतं. मार्गदर्शक म्हणाले, "त्यात निबंध निघत नाही." आणि पोरगा नासाच्या दारात जाऊन बसला.

कंपन्या आकडे देत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण पुण्यात टाटांनी १९८१ मध्ये संशोधन केंद्र काढलं आणि उद्योगातल्याच आज्ञावल्यांवर तिथं काम झालं. म्हणजे हे अशक्य नाही. शिवाय मुक्त सॉफ्टवेअर सगळ्यांना उघडं आहे, आणि महाविद्यालयाची स्वतःची प्रणाली तर घरचीच. अडचण आकड्यांची नाही, नियतीची आहे.

फ्रीगंजचा रेल्वेपूल ओलांडून शिप्रेच्या बाजूला गेलं की सवाई जयसिंगाची वेधशाळा लागते. पितळी यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, म्हणून चूक होते, हे ओळखून त्यानं दगडचुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. दिल्लीचे वेध खरे की खोटे हे पडताळायला जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथंही तीच यंत्रं उभी केली. आपली चूक सापडावी म्हणून चार ठिकाणी खर्च करणारा तो राजा! पुढं मोडकळीस आलेली ही वेधशाळा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. सम्राट यंत्रावरची सावली उज्जैनची वेळ दाखवते, घड्याळाची नव्हे. हा फरक किती, ते सांगणारी सारणीही तिथं आहे. आपलं उत्तर कुठे आणि कितपत लागू पडतं, हे दगडाचं यंत्र सांगतं. रेक्झिनचा प्रबंध सांगत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सॉफ्टवेअरवर पीएच.डी. करणाऱ्यानं आपल्याच गावात चालणारी एक प्रणाली घ्यावी आणि वर्षभर तिच्या चुका मोजाव्यात. दुसऱ्या महाविद्यालयानं तेच मोजमाप पुन्हा करून पाहावं. जुळलं नाही तर तेही छापावं. दोन टक्के अचूकता वाढली नाही तरी चालेल. एका पोरीचं वर्ष वाचलं, तर त्या संशोधनाला मी पेढे वाटीन.

त्या दिवशी तो पेढे घेऊन आला होता. मी एक खाल्ला. पोराचा दोष नव्हता. पण प्रबंध वाचताना तोंड गोड राहिलं नाही.