छंदाचा कोपरा : इंजिनाचा दिवा बदलताना

आगगाडीच्या जुन्या एचओ मॉडेलमध्ये (प्रमाण १:८७) इंजिनाच्या पुढच्या दिव्याला बहुधा तारेचा बारीक बल्ब असतो. तो तापतो, आणि प्लास्टिकच्या कवचाला खेटून असला तर कवच मऊ पडून वाकते. संग्रहातल्या इंजिनाचे हे नुकसान भरून येत नाही. म्हणून मुलांनी एलईडी बसवायचा हट्ट धरला तर मोडता घालू नका. सोल्डरिंग करताना मात्र शेजारी बसा.

रुळांतून साधारण १२ व्होल्ट डीसी मिळतो. पांढरा एलईडी त्यातले ३ घेतो, उरलेले ९ रेझिस्टरने अडवायचे. १००० ओहमचा, पाव वॅटचा लावला की ९ मिलिअँपिअर वाहतात, पुष्कळ झाले. त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल. आपल्याकडच्या मुलांना हे कानडीतच लवकर पाठ होईल : कंदु, कप्पु, केंपु! (मराठीत असा ठेका नाही, काय करणार!)

गाडी मागे घेतली की प्रवाह उलटतो आणि एलईडी विझतो. दिसायला ते छानच. पण बहुतेक एलईडी ५ व्होल्टपेक्षा जास्त उलटा दाब सोसत नाहीत. तेव्हा १एन४१४८ डायोड एलईडीच्या दोन्ही पायांवर जोडा, त्याच्या पट्ट्याची बाजू लांब पायाकडे. रेझिस्टर या जोडीच्या आधी.

एलईडी पिवळसर उजेडाचाच घ्या. निळसर घेतला तर वाफेच्या इंजिनावर मोबाइलचा टॉर्च बांधल्यासारखा दिसतो. डीसीसीवर चालणाऱ्या इंजिनात यातले काही करू नका, तिथे दिवा डिकोडरला जोडतात. आणि काढलेला बल्ब तारांसकट डबीत, चिठ्ठी लावून ठेवा. पुढेमागे इंजिन विकायची वेळ आली तर जाणकार गिऱ्हाईक त्याची चौकशी करते.