मंद आचेचा हिशेब

थंडीची चाहूल लागली की शेगड्यांचे विक्रेते शेडवर फिरू लागतात आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा असतो: शेगडी किती किलोवॅटची. बुखारीचा धूर, गॅस सिलिंडरचा भाव आणि रात्रभर लाकडे सारत बसणारा माणूस या तिन्हींना कंटाळलेला ब्रॉयलरवाला पेलेटच्या शेगडीकडे वळतो आहे, हे चांगलेच आहे. पण ‘मोठीच घ्या, कमी पडायला नको’ हा सल्ला ऐकून जो घेतो, त्याच्या ब्रूडिंगमध्ये पहाटे पिल्लांचा ढीग आणि दुपारी उघड्या चोची असा खेळ चालतो. शेगडी जास्तीत जास्त किती तापते हे नंतर विचारा. न विझता ती कमीत कमी किती मंद जळते, ते आधी विचारा.

निफाडचा जानेवारी घ्या. पहाटे पारा ८ अंश सेल्सिअसवर, दुपारी २८ वर. पहिल्या आठवड्याच्या पिल्लाला ९५ अंश फॅरनहाइट लागतात, म्हणजे ३५ सेल्सिअस. पहाटे आत-बाहेरचा फरक २७ अंशांचा, दुपारी फक्त ७ अंशांचा. उष्णतेची गरज ढोबळमानाने याच फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे एकाच दिवसात ती जवळजवळ चौपट हलते. पहाटेच्या गरजेवर आणखी पन्नास टक्के वाढवून शेगडी घेतली, तर दुपारी तिला एक षष्ठांश आचेवर चालावे लागेल. बहुतेक शेगड्या पूर्ण आचेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाखाली नीट जळत नाहीत. मग थर्मोस्टॅट तिला बंद करतो आणि खरी कटकट तिथून सुरू होते.

गॅस ब्रूडर बंद-चालू झाला तर फारसे बिघडत नाही. चावी फिरवली की ज्योत. पेलेटचे तसे नाही. तापती कांडी दाणे पेटवणार, आगीच्या वाटीत निखारा धरणार, मग लोखंड तापणार आणि त्यानंतर पंखा गरम हवा फेकणार. यात पाव तास सहज जातो. बंद करतानाही वाटीतले दाणे जळून संपेपर्यंत उष्णता येतच राहते. ९३ ला चालू आणि ९७ ला बंद असे लावले, तरी प्रत्यक्षात पारा ९० ते १०० मध्ये झुलू शकतो. पडद्यांच्या शेडमध्ये तर उष्णता टिकायला भिंतच नाही. म्हणून थर्मोस्टॅटची जोडणी ‘बंद-चालू’ऐवजी ‘मंद-तेज’ अशी करून घ्या. आणि एका मोठ्या शेगडीच्या जागी दोन लहान घ्या: रात्री दोन्ही, उन्हे चढली की एक. किंमत थोडी जास्त पडेल, पण एक बिघडली तरी बॅच वाचेल.

आच स्थिर ठेवण्यात दुसरा वाटा इंधनाचा. अमेरिकेत जेरी व्हिटफील्ड या विमान अभियंत्याने १९८० च्या दशकात घरगुती पेलेट शेगडी घडवली, ती लाकडाच्या भुशाच्या दाण्यांसाठी. युरोपात ‘एन-प्लस ए-१’ दर्जाच्या दाण्यात राख ०.७ टक्क्याच्या आत लागते. आपल्याकडचा दाणा पऱ्हाटीचा, सोयाबीनच्या कुटाराचा, शेंगांच्या टरफलांचा. राख कित्येक पट. भाताच्या तुसात तर १५ ते २० टक्के. या राखेतले पोटॅश वितळून वाटीत खडे धरते, हवेची भोके बुजतात आणि ज्योत पिवळी, आळशी होते. पडद्यावर आकडा तोच दिसतो, पिल्लांना मात्र गारवा लागतो. वाटी सकाळ-संध्याकाळ खरवडणे हे पाणी बदलण्याइतकेच नेमाचे काम समजा.

दाण्याची लांबीही बघा. शेगडीचा स्क्रू ठरलेले फेरे फिरतो. दाणे वजन करून घालणे त्याला माहीत नाही. आखूड दाणे दाटून बसतात, तेवढ्याच फेऱ्यात जास्त पडतात. लांब दाणे टाकीत अडकून कमी पडतात. पोते बदलले आणि आच बदलली, ही तक्रार बहुधा यातूनच येते. पोत्याच्या तळाशी ओंजळभरापेक्षा जास्त चुरा निघाला तर परत पाठवा. दाणा पाण्याच्या ग्लासात टाका. तरंगला तर तो नीट दाबलेला नाही.

सेन्सरचे मात्र थोडक्यात: तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, शेगडीच्या थेट झळीपासून दूर हवा. माणसाच्या डोळ्यासमोर टांगलेला सेन्सर माणसाचे तापमान सांगतो. जमीन २४ तास आधी तापवून ठेवलीत तर तीच पहाटेचा धक्का सोसते.

विजेचा विचार आपल्याकडे वेगळाच करावा लागतो. पेटवताना शेगडी ३०० ते ४०० वॅट ओढते, पेटल्यावर शंभरच्या आसपास. म्हणजे विझू न देता चालवली तर लहान इन्व्हर्टरवरही रात्र निघते. वारंवार पेटवत राहिलात तर बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. वीज गेली आणि पंखा थांबला की धूर आत येतो, म्हणून धुराडे सरळ उभे आणि छपराच्या वर गेलेले हवे. जळणाला लागणारी हवा वेगळ्या पाइपने बाहेरूनच घ्या. पडदे गच्च आवळून आत शेगडी पेटवणारे अजूनही आहेत, आणि थंडीत त्याच शेडच्या कोपऱ्यात मजुराचे बिऱ्हाड झोपलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेडमध्ये झोपायचे नाही, हे मालकानेच बजावले पाहिजे.

आता इंटिग्रेशन कंपन्यांना एक सांगणे. बहुतेक करारांत पिल्लू, खाद्य आणि औषध कंपनीचे. शेड, मजुरी, वीज आणि ब्रूडिंगचे इंधन शेतकऱ्याचे. थंडीतल्या बॅचला इंधनाचा खर्च वाढतो, संगोपनाचा दर मात्र बऱ्याचदा तोच राहतो. मग पहाटे चारला शेतकरी दोन किलो दाणे वाचवतो आणि त्याचे मोल मरतुक आणि एफसीआरमध्ये दोघेही भरतात. हिवाळी इंधन भत्ता कंपनीला परवडतो, असे आमचे मत आहे. आणि बॅचच्या कार्डावर तापमानाचा जो आकडा आहे, तो सुपरवायझर येतो त्या वेळचा, म्हणजे भर दुपारचा असतो. किमान-कमाल थर्मामीटर काही फार महाग नाही. कार्डावर रात्रीच्या किमान तापमानाचा एक रकाना याच हंगामापासून वाढवावा.