जुनी मोटार व नवा कल्लोळ

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खेड-शिवापूरचा टोलनाका मागें टाकला कीं शिवरे लागतें. तेथें आमच्या घराशेजारीं पत्र्याच्या छपराखालीं १९६६ सालची एक फियाट उभी आहे. वडिलांनीं घेतलेली ही गाडी आजही महिन्यांतून एकदां कापूरव्होळपर्यंत जाऊन येते. आणि तिच्यावरूनच आमच्या कुटुंबांत सध्यां वाद माजला आहे. पुतण्याचें पत्र आलें: ‘काका, दसऱ्याला गाडी नेतों. चारी दारांत स्पीकर, डिकींत ॲम्प्लिफायर व डॅशबोर्डांत पडदा बसवून घेतों. बाकी गाडीला हात लावणार नाहीं.’ या शेवटच्या वाक्यानेंच मला लेखणी उचलावयास लावली.

गाडींत गाणें असावें कीं नसावें हा येथें प्रश्नच नाहीं. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनीं १९३० सालीं मोटारींत रेडिओ बसविला. अटलांटिक सिटीच्या व्यापारी मेळाव्यांत मांडणीस जागा नव्हती, तेव्हां पॉल गॅल्विन यांनीं बाहेर गाडी उभी करून तो मोठ्यानें लावला, व ‘मोटोरोला’ हें नांव पुढें जगभर झालें. तेव्हां चाकांवरचें संगीत हीं कांहीं आजच्या पोरांचीं थेरें नव्हेत. आमच्या वडिलांनींही रेडिओ घेतला असता. पण त्या काळीं रेडिओ बाळगण्यास पोस्टांतून परवाना काढावा लागे, आणि घरच्या रेडिओचा एक परवाना असतां दुसरा कशास, असा त्यांचा हिशेब होता. माझा आक्षेप गाण्यास नाहीं, कातरीस आहे.

दारांत स्पीकर बसविणें म्हणजे काय, हें एकदां नीट पाहावें. रेग्झिनचा पुठ्ठा कापावयाचा, मागच्या पत्र्यास साडेसहा इंचांचें भोंक पाडावयाचें, व त्यांत लोहचुंबकाचें ओझें टांगावयाचें. कांच ज्या फटींतून वरखालीं होते तींतून पावसाचें पाणी दाराच्या पोकळींत उतरतें व तळच्या छिद्रांवाटे निघून जातें. ही मूळचीच व्यवस्था आहे. भोर-वेल्ह्याचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्यास या पाण्याचें मान सांगावयास नको. त्याच्याच वाटेंत कागदी पडद्याचा स्पीकर ठेवावयाचा, आणि कापलेल्या पत्र्याच्या उघड्या कडेवर गंजास पाटपाणी मांडावयाचें! कांहीं वर्षांनीं स्पीकर फाटेल, नवा येईल, त्याचें माप निराळें निघेल, भोंक आणखी वाढेल. पिस्टन बदलतां येतात, रंग पुनः देतां येतो. परंतु कारखान्याच्या साच्यांतून निघालेला पत्रा एकदां कातरला कीं तो कातरलेलाच.

याहून मौजेची गोष्ट विजेची. या गाडीस डायनॅमो आहे. भरधांव चालतांना तो फार तर वीस अँपिअरच्या आंतबाहेर वीज देतो. गाडी जागच्या जागीं घुरघुरत असतां जवळजवळ कांहींच देत नाहीं, आणि म्हणूनच चौकांत तांबडा दिवा लुकलुकतो. एवढ्यांत पुढचे दिवे, वायपर, भोंगा व बॅटरीचें भरण भागवावयाचें असतें. पुतण्याच्या यादींतील ॲम्प्लिफायर ५०० वॉटचा आहे. त्यास १२ व्होल्टनीं भागलें तर ४० हून अधिक अँपिअर होतात! जाणते म्हणतील, गाणें सारखें पूर्ण जोरांत वाजत नसतें, सरासरी ओढ पुष्कळच कमी. खरें आहे. पण कात्रजच्या घाटांत, रात्रीं, पावसांत, ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पुढचे दिवे मिचकूं लागले म्हणजे सरासरीचा आधार कोणास वाटेल? मग मिस्त्री म्हणतो, ‘डायनॅमो काढा, आल्टर्नेटर घाला.’ तो घातला कीं जुन्या तारा पुरत नाहींत. तारा बदलल्या कीं बॅटरी अपुरी. माझ्या एका स्नेह्याच्या गाडींत असेच अर्धवट जोड तापून डॅशबोर्डामागून धूर निघालेला मीं स्वतः पाहिला आहे. नाकापेक्षां मोती जड होतो तो असा. आणि ‘बाकी गाडीला हात लावणार नाहीं’ या प्रतिज्ञेचें काय झालें तें वाचकांनींच पाहावें.

पुतण्या कायद्याकडेही बोट दाखवितो. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी मूळ रूपांत राखलेली असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशी त्यांत अट आहे. ‘स्पीकरचें भोंक हा का मोठा फेरफार?’ असें तो विचारतो. नसेलही. पण काळ्या पाषाणाच्या देवळांना तैलरंग फांसणाऱ्या मंडळींनींही आपापले डबे अशाच प्रेमानें उघडले होते.

त्याचा खरा बिनतोड मुद्दा निराळाच आहे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आमच्या फियाटच्या धाकट्या बहिणी. त्यांत काय गाणीं वाजत नव्हतीं? वाजत होतीं, आणि शोभतही होतीं. दिवसभर तींत बसून पोट भरणाऱ्यानें आपली गाडी मनासारखी सजविली तर कोणाचें बिघडलें? शिवाय तशा हजारों गाड्या कुर्ल्याहून बाहेर पडत होत्या. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं निघालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें पद्मिनी काढणें केव्हांच थांबविलें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत त्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आतां एक दार नासलें तर दुसरें भंगारांत धुंडावें लागतें.

मीं त्यास सुचविलें आहे कीं स्वतःची बॅटरी असलेली गाण्याची पेटी मागच्या बैठकीवर ठेव. मोबाइलवरून हवें तें लाव, उतरतांना पेटी काखेंत मारून घरीं ने. ‘काका, त्यांत दम नाहीं,’ असें तो म्हणतो. दम! चढावर दुसऱ्या गिअरमध्यें हें १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन कण्हूं लागलें कीं वडील मान कलती करून ऐकत आणि सांगत, ‘टॅपेट वाजताहेत, उद्यां बघूं.’ नव्या गाडींत हें काम डॅशबोर्डावरचे दिवे करतात; हिच्यांत तें चालविणाऱ्याच्या कानांनींच करावयाचें आहे. ते कान ५०० वॉटांनीं भरून टाकल्यावर घाटांत गाडीचें म्हणणें ऐकावयाचें कोणीं?

दसरा जवळ आला आहे. माझें उत्तर गेलें आहे, त्याचें अजून आलेलें नाहीं. किल्ली तूर्त माझ्या कोटाच्या खिशांत आहे.