मुदत सहा महिन्यांची, अभ्यास वीस वर्षांचा

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला, त्याचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक खारघरला, आणि तिथल्या पीएचडीवर शिक्का मात्र चेंबूरच्या कुशीतल्या अणुशक्तीनगरचा. होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट हे अभिमत विद्यापीठ तिथेच आहे. जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करून घरी बसलेल्या चेंबूरच्या मुलामुलींचं या संस्थांच्या जाहिरातींवर बारीक लक्ष असतं. जाहिराती निघतातही सतत. प्रोजेक्ट असिस्टंट, जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), रिसर्च नर्स, डेटा मॅनेजर. मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्स घेऊन वॉक-इनला या, प्रवासखर्च मिळणार नाही. आणि अगदी तळाशी: नेमणूक सहा महिन्यांची किंवा वर्षाची, निव्वळ तात्पुरती.

माझं भांडण या तळाच्या ओळीशी आहे. पैशांशी त्या मानाने कमी. जेआरएफचे ३१ हजार जानेवारी २०२३ पासून ३७ हजार झाले, घरभाडं वेगळं. नेट-गेट नसलेल्यांच्या हाती एकत्रित मानधन पडतं, तो वेगळाच रडगाण्याचा विषय.

भांडण का, ते एका उदाहरणानं सांगतो. याच टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया, त्यांतल्या जवळपास निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी. तपासायला डॉक्टर नव्हते; होत्या किमान दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. स्तन हातानं तपासायचे, गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचं २०१३ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलं गेलं. स्तनाच्या कर्करोगाचा निष्कर्ष यायला २०२१ उजाडलं: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. (उरलेल्या स्त्रियांना तपासणीशिवाय का ठेवलं, यावरून वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.)

वीस वर्षं पाठपुरावा करायचा म्हणजे घर बदललेली बाई शोधून काढायची, ती गेली असेल तर कशानं गेली हे घरच्यांना जपून विचारायचं. झोपडपट्टी पुनर्वसनाची (एसआरएची) इमारत उभी राहिली की अख्खी गल्ली कुठे पांगते, हे गोवंडी-मानखुर्दमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. दारं ओळखणारा माणूस सहा महिन्यांत तयार होत नाही. प्रयोगशाळेतही तेच: फ्रीझरमधल्या हजारो नमुन्यांपैकी कुठला खराब झालाय, हे नोंदवहीच्या आधी जुन्या तंत्रज्ञाला ठाऊक असतं. त्यालाच आपण मुदत संपली म्हणून निरोप देतो, आणि नवा प्रकल्प आला की पुन्हा वॉक-इनच्या रांगेत उभं करतो.

संचालक म्हणतील, अनुदानच तीन वर्षांचं, कायम कसं करणार? प्रत्येकाला कायम करा असं मी म्हणतच नाही. पण मोठ्या संस्थेत एक प्रकल्प आटोपतो तोवर दुसरे चार चालू असतात. अनुदानातून संस्थेला जो ओव्हरहेड मिळतो, त्यातला काही भाग बाजूला ठेवून अनुभवी माणसांना मधल्या रिकाम्या महिन्यांत सांभाळता येईल. नेमणूक प्रकल्पावर नको, संस्थेच्या पटावर हवी. एका प्रकल्पातून दुसऱ्यात पाठवा.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर जाहिरातीत निदान दोन गोष्टी छापा: अनुदान कुणाचं आणि ते कोणत्या महिन्यात संपतं. छापलं नसेल, तर मुलाखतीत उमेदवारानं विचारावं. विचारणाऱ्याचे गुण कापले जाणार असतील, तर तेही आधीच कळलेलं बरं.