कुलपतींची लेखणी

मराठीत कुलपती म्हणजे विद्यापीठाच्या शिखरावर बसलेले राज्यपाल आणि कुलगुरू म्हणजे प्रत्यक्ष विद्यापीठ चालवणारे. हिंदीत मात्र कुलपती म्हणजे आपले कुलगुरू. राज्यपालांसाठी तेथे 'कुलाधिपती' असा एक मजला वर चढवला आहे. हिंदी वर्तमानपत्रे वाचताना या शब्दाने आमची अनेकदा फसगत झाली आहे. पण हा घोळ केवळ शब्दांचा नाही. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरकडेच मुंबई विद्यापीठाचे कुलपतिपद सोपवले गेले. पदवीदानाला झगा घालून बसणारा मानकरी आणि सरकारचा प्रमुख एकच असणे राज्यकर्त्यांच्या सोयीचे होते. इंग्रज गेले, झगा राहिला. झग्याच्या खिशातली लेखणीही राहिली, आणि अलीकडे ती बरीच चालू लागली आहे.

आम्हांला येथे केरळमधील कन्नूर विद्यापीठाचे प्रकरण मांडायचे आहे. मल्याळम विभागात सहयोगी प्राध्यापकाची एक जागा भरायची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुलाखती झाल्या. पहिल्या क्रमांकावर ज्यांची निवड झाली त्या बाई मुख्यमंत्र्यांच्या खाजगी सचिवांच्या पत्नी होत्या. संशोधनाच्या गुणांकात दुसऱ्या क्रमांकाचे उमेदवार त्यांच्या कितीतरी पुढे होते. मुलाखतीच्या गुणांनी मात्र क्रम फिरला. एवढ्यावर गदारोळ उठणे स्वाभाविक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कुलपती या नात्याने राज्यपाल आरिफ मोहम्मद खान यांनी नेमणुकीच्या प्रक्रियेला स्थगिती दिली व विद्यापीठाला कारणे दाखवण्यास सांगितले. आधार होता कन्नूर विद्यापीठ अधिनियम, १९९६ मधील कलम ७(३). विद्यापीठाच्या कोणत्याही प्राधिकरणाची कार्यवाही अधिनियमाशी वा परिनियमांशी विसंगत असेल तर कुलपती ती लेखी आदेशाने रद्द करू शकतात. मात्र तत्पूर्वी त्या प्राधिकरणाला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे हे कलम सांगते.

कलम वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. म्हणणे मांडण्याची संधी आहे ती 'प्राधिकरणाला'. जिची नेमणूक मोडणार त्या व्यक्तीचा तेथे उल्लेख नाही. जो उमेदवार आपल्यावर अन्याय झाला म्हणून दाद मागतो, त्याचाही नाही. ही सत्ता विद्यापीठ आणि कुलपती या दोन संस्थांमधला व्यवहार म्हणून कल्पिलेली आहे. प्रत्यक्षात तिचा घाव बसतो तो ज्याच्या हाती नेमणुकीचे पत्र पडायचे होते त्याच्यावर.

पुढचा प्रवास न्यायालयात झाला, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या याचिकेवरून. त्यामुळे वादाचा केंद्रबिंदू कुलपतींच्या अधिकारावरून उमेदवाराच्या पात्रतेवर सरकला. सहयोगी प्राध्यापकपदासाठी आठ वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पीएच.डी. मिळवण्यात गेलेला काळ अनुभवात धरला जात नाही. शिकवता शिकवता, कोणतीही रजा न घेता संशोधन केले असेल तर तो काळ धरला जातो. मग नोकरीत असलेला शिक्षक अध्यापक-विकास योजनेखाली संशोधनासाठी गेला, पगार चालू राहिला, सेवा चालू राहिली, पण वर्गावर तो नव्हता, तर त्या वर्षांचे काय? विद्यार्थी कल्याणाच्या वा राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामावर घालवलेल्या काळाचे काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने हा काळ अध्यापनाचा नव्हे असे ठरवले. जून २०२३ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि नेमणुकीचा मार्ग मोकळा केला. पुढे अनुदान आयोगच त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला.

एकाच विनियमाचा दोन पीठांनी सात महिन्यांत नेमका उलट अर्थ लावला, याचा आम्हांला विषाद वाटत नाही. कायद्याच्या भाषेत असे होते. पण मग प्रश्न पडतो की जी विसंगती न्यायाधीशांनाही एकमताने दिसत नाही, ती राजभवनातून इतकी स्वच्छ कशी दिसली? 'अधिनियमाशी विसंगत' या दोन शब्दांवर ही सगळी सत्ता उभी आहे. विसंगती उघड असेल, म्हणजे जाहिरातच दिली नाही, निवड समितीत बसायला नको तो बसला, असे काही असेल, तर कुलपतींनी हात घालावा. विसंगती अर्थाच्या वादातून निघत असेल, तर तो न्यायाधीशाचा प्रांत आहे.

आमचे काही मित्र यावर म्हणतील की तुम्ही सत्ताधारी पक्षाची बाजू घेत आहात. तसे नाही. ज्या राज्यात मंत्र्यांच्या व पुढाऱ्यांच्या नातलगांसाठी निवड समित्या मऊ होतात (आणि असे राज्य केरळ एकटेच नाही, हे महाराष्ट्रात राहणाऱ्यांना सांगायला नको), तेथे विद्यापीठाबाहेरचा कोणी तरी प्रहरी हवाच. दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या साध्या अध्यापकाला उच्च न्यायालयाची पायरी परवडत नाही. कुलपतींकडे केलेला अर्ज ही त्याची स्वस्तातली दाद आहे. ती बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. प्रहरी कोण असावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आणि येथेच कन्नूरची दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण पहिलीचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही. याच विद्यापीठात, याच कुलपतींनी, २०२१ मध्ये कुलगुरूंची फेरनेमणूक केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण असे की कुलपतींनी स्वतःची बुद्धी न वापरता राज्य सरकारच्या सांगण्यावरून सही केली. म्हणजे एका प्रकरणात कुलपती फार स्वतंत्र वागले अशी तक्रार, तर दुसऱ्यात पुरेसे स्वतंत्र वागले नाहीत हा दोष! या निकालाने आधार घेतलेल्या निवाड्यांपैकी एक १९८२ सालचा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचा आहे. कुलपती म्हणून वागताना राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले नसतात, हे तत्त्व त्याने मांडले. त्या प्रकरणातले कुलपती होते हरियाणाचे तेव्हाचे राज्यपाल गणपतराव तपासे, आपल्या साताऱ्याचे.

तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. पण राज्यपाल मंत्रिमंडळापासून स्वतंत्र म्हणजे सर्वांपासून स्वतंत्र, असे गृहीत धरण्यात गफलत होते. राज्यपाल नेमतो कोण, काढतो कोण, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. राज्यात एका पक्षाचे सरकार आणि राजभवनात दुसऱ्या पक्षाची माणसे असली, की कलम ७(३) सारखी सत्ता शत्रूच्या किल्ल्यावर रोखलेल्या तोफेसारखी दिसू लागते. दोन्हीकडे एकच पक्ष असला की तीच तोफ गंजून पडते. केरळात मार्च २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने केरळ विद्यापीठाच्या अधिसभेतील पंधरा सदस्यांना कुलपतींनी काढून टाकल्याचे आदेश रद्द केले, तेही याच वातावरणात. जानेवारी २०२५ मध्ये तेथे गोव्याचे राजेंद्र आर्लेकर राज्यपाल झाले. माणूस बदलला, पण तात्पुरत्या कुलगुरूंच्या नेमणुकांचा तंटा पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलाच.

यावर राज्यांनी काढलेला उपाय आम्हांला रोगाइतकाच वाईट वाटतो. केरळ विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये राज्यपालांना कुलपतिपदावरून दूर करणारे विधेयक मंजूर केले. २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी त्याला संमती नाकारली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारे विधेयक आणले आणि सत्तांतरानंतर २०२२ मध्ये ते मागे घेतले. राज्यपालांच्या हातची लेखणी मंत्र्यांच्या हातात दिल्याने दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काय मिळणार? ज्याच्याविरुद्ध दाद मागायची त्याच्याच दारात त्याला उभे राहावे लागेल. राज्यपालांवर घटनेबाहेरच्या पदांचा भार टाकू नये, असे पुंछी आयोगाने २०१० मध्ये सुचवले होते. पण त्यांच्या जागी मंत्री आणावा, हे त्यातून निघत नाही.

नेमणूक रद्द करण्याची सत्ता एखाद्या निवृत्त न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाकडे द्यावी, असे आम्हांला वाटते. तेथे निवडलेला व डावललेला असे दोन्ही उमेदवार पक्षकार असावेत. निर्णय सकारण असावा आणि नव्वद दिवसांत यावा. कन्नूरमध्ये मुलाखतीपासून खंडपीठाच्या निकालापर्यंत सुमारे एकोणीस महिने गेले. तेवढ्या काळात एम.ए.ची मुले चार सत्रांपैकी तीन संपवून चौथ्यात पोचतात.